गुरुवारची लोकर

दर गुरुवारी सासूबाई लोकर विकत घ्यायला जात आणि दर गुरुवारी तीच लोकर घेऊन घरी येत. हे सासूबाईंना माहीत नव्हतं. सूनबाईला माहीत होतं, दुकानातल्या भाऊंना माहीत होतं. सूनबाईच्या नवऱ्याला माहीत असून नसल्यासारखं होतं, कारण त्याच्या लेखी लोकर म्हणजे लोकर, त्यात तीच आणि दुसरी काय.

सूनबाई म्हणायचं आपलं म्हणून. बाई पन्नाशीच्या पुढे गेलेली, चष्मा लागलेला, उजवं मनगट सकाळी उठल्यावर चहा पोटात गेल्याशिवाय वळत नसे. पण घरात सासू आहे तोवर सून ती सूनच. आख्खी गल्ली तिला सूनबाई म्हणे, नळ दुरुस्त करायला येणारासुद्धा.

तर प्रकार असा होता. सासूबाईंची आठवण गेली होती. एकदम नाही, सांडशीतून पातेलं निसटावं तशी नाही, तर पिशवीला भोक पडल्यासारखी थोडी थोडी. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग आपलं वय गेलं, मग घरातली माणसं. मुलगा मात्र राहिला, पण तोही आठ वर्षांचा. खरा मुलगा, टक्कल पडलेला आणि पोट सुटलेला, संध्याकाळी छापखान्यातून घरी आला की सासूबाई त्याला खुर्ची देत आणि आत येऊन हळूच म्हणत, "हे गृहस्थ रोज येतात, आणि फार वेळ बसतात बाई." ही 'बाई' म्हणजे सूनबाई. आपल्याला सांभाळायला कुणीतरी पगारी बाई ठेवलीय अशी त्यांची समजूत होती, आणि बाई कामाला बरी आहे असं त्यांचं मत होतं. सून म्हणून हे मत मिळालं असतं तर सूनबाईने पेढे नसते वाटले, पण दोन दिवस खुशीत काढले असते.

हात मात्र काही विसरले नव्हते. सुया दिल्या की सासूबाई शांत. सुलट, उलट, सुलट, उलट. आठ वर्षांच्या मुलाला स्वेटर हवा, वाढतं अंग आहे, आणि तो हवा शेवाळी रंगाचाच. दुसरा रंग एकदा हातात दिला होता तर गुंडा भिंतीवर फेकला होता आणि दिवसभर जेवल्या नव्हत्या. आता तो शेवाळी रंग कारखान्याने बंद करून कैक वर्षं झालेली. भाऊंनी माळा धुंडाळून दुकानातले शेवटचे गुंडे काढून दिले. "वहिनी, एवढेच. आता देवाघरून आणले तरच," असं म्हणाले.

मग सूनबाईने डोकं लढवलं. सासूबाई विणत, चार दिवसांत स्वेटरच्या पाठीचा काही भाग होई, कुठे टाका सुटलेला, कुठे मधेच दोन टाके वाढलेले. सोमवारी दुपारी त्या झोपल्या की सूनबाई ते सगळं उसवी. सासूबाई उठून रिकाम्या सुया बघून म्हणत, "स्वेटर कुठाय?" सूनबाई म्हणे, "झाला की. घालून गेला तो शाळेत." "बसला का?" "छान बसला." "मग दुसरा घालायला हवा," असं म्हणत सासूबाई बोटांवर हिशेब करीत, आणि गुरुवारी लोकर आणायला निघत.

आता उसवणं म्हणजे नुसती सुई काढून दोरा ओढणं नव्हे, हे विणणाऱ्याला सांगायला नको, पण न विणणाऱ्यांसाठी सांगते. उसवलेली लोकर कुरळी होते. प्रत्येक टाक्याचा वळसा तिच्या अंगात राहतो. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करायची, लडीला चार ठिकाणी सैल बांधायचं, कोमट पाण्यात बुडवायची, आणि खाली वजन लावून टांगायची. सूनबाई न्हाणीघरातल्या खुंटीला टांगे आणि वजन म्हणून जुनं पितळी कुलूप अडकवी. वाळली की केस विंचरल्यासारखी सरळ होते. मग पुन्हा गुंडे करायचे, भाऊंनी जपून ठेवलेल्या कागदी पट्ट्या त्यांना चिकटवायच्या, आणि बुधवारी आपली विणलेली कामं दुकानात पोचवायला जाताना गुपचूप भाऊंच्या हवाली करायचे. गुरुवारी सासूबाई ऐटीत दुकानात शिरत, दोन्ही गाल फुगवून विचार करीत, आणि तेच गुंडे निवडून घेत. भाऊही असे वस्ताद, की दर वेळी म्हणत, "मावशी, नजर आहे हं तुमची. आजच आलाय माल."

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, म्हणतात. सूनबाईचे चार दिवस आले ते असे उसवण्यात गेले.

आणि हे उसवणं तिला नवीन नव्हतं, फक्त बाजू बदलली होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड टाके घालता येत नव्हते. सासूबाईंनी शिकवलं, नाही म्हणायला जागा नाही. पण शिकवणं असं, की हिने जीव ओतून बाही संपवावी आणि सासूबाईंनी ती खिडकीजवळ उजेडात धरावी, एक बोट कुठेतरी खाली, काठापाशी टेकवावं, आणि म्हणावं, "हा टाका बघ. उसव." एका टाक्यासाठी आख्खी बाही. वर उसवताना समोर बसून लड करायला लावत, दोन्ही हात पसरून धर म्हणत, हात दुखले तरी खाली घेऊ देत नसत. नवऱ्यासाठी केलेल्या पहिल्या स्वेटरची पाठ तर तीनदा उसवली होती. तिसऱ्या वेळी सूनबाईने विचारलं होतं, "आई, आता काय चुकलं?" सासूबाईंनी उत्तर दिलं नव्हतं, नुसता दोरा ओढला होता. तो दोरा सुटतानाचा सर्र आवाज सूनबाई विसरली नव्हती. आपण पहिल्यांदा सासूबाईंचं उसवलं तेव्हा तिला जरा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. अगदी बरं वाटलं होतं. मग आठवड्यांमागून आठवडे गेले, आणि बरंही वाटेनासं झालं आणि वाईटही. नुसता कंटाळा उरला, आणि मनगटाची कळ.

घर चालायला तिच्या विणकामाचा हातभार होता. शाळेचे स्वेटर, तान्ह्या बाळांचे टोपी-मोजे, कुणाच्या कुत्र्यासाठी झूलसुद्धा. स्वयंपाक शिजेपर्यंत दोन ओळी, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता काठ. कामाची लोकर ती ऑर्डरीपुरती घेई, एकाच खेपेचे सगळे गुंडे आहेत ना ते दाराशी उजेडात नेऊन बघे, कारण दिव्याखाली दोन खेपांचा निळा सारखाच दिसतो आणि स्वेटर अंगात घातल्यावर एक बाही परक्या घरची वाटते. आणि दर वेळी एक गुंडा जास्तीचा घेई. का, म्हणून विचारलं तर, "असू दे." तिच्या पलंगाखालची ट्रंक अशा असू देंनी भरली होती. नवरा म्हणे, आपल्या घरात उंदीर शिरला तर थंडीने तरी मरणार नाही.

एक लोकर मात्र तिने कधी घेतली नव्हती. भाऊंच्या दुकानात डावीकडे वरच्या फळीवर डाळिंबी रंगाची, मऊ, महागातली लोकर होती. दर खेपेला सूनबाई तिला हात लावी, दोन बोटांत धरून बघे आणि परत ठेवी. असल्या लोकरीची ऑर्डर कुणी देत नाही, आणि स्वतःसाठी विणायला स्वतःकडे वेळ लागतो. तिच्या अंगात होता तो स्वेटर नणंदेने टाकलेला.

त्या आठवड्यात सगळं एकदम अंगावर आलं. भाऊंनी टोप्यांची मोठी ऑर्डर आणली, एका गायक मंडळाच्या दौऱ्यासाठी, सगळ्या सारख्या, आणि बुधवारी हव्या म्हणजे बुधवारीच. सोमवार टोप्यांत गेला, उसवायचं राहिलं. मंगळवारी सूनबाईचा खुर्चीतच डोळा लागला, आणि तेवढ्यात सासूबाई दार उघडून बाहेर गेल्या. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानासमोर सापडल्या, अनवाणी, हातात अर्धवट विणलेली पाठ, सुयांसकट. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पोराच्या पाठीला ती लावून बघत होत्या.

संध्याकाळी नवरा हे ऐकून बूट न काढताच बसला. मग म्हणाला, "त्या लोकांचा फोन होता. एक जागा झालीय. रविवारपर्यंत कळवा म्हणतात."

'ते लोक' म्हणजे शहराबाहेरची म्हाताऱ्या माणसांची संस्था. नवरा एकदा जाऊन बघून आला होता. स्वच्छ होती, बाग होती, बघायला माणसं होती. वाईट काही नव्हतं. फक्त तिथे सुया चालत नसत, टोकदार वस्तू म्हणून.

"आई विणतायत तोवर आपण निभावू, असं ठरलं होतं ना आपलं," सूनबाई म्हणाली.

"विणतेच आहे ती. पण तू बघ स्वतःकडे. तू तरी किती ओढशील?" तो तुसडेपणाने नाही बोलला. त्याचा आवाजही दमलेला होता. "तू म्हणशील तसं करू. तू हो म्हण, मी फोन करतो."

आता हे 'तू म्हणशील तसं' म्हणजे काय, तर मान तुझी आणि सुरीही तुझीच. सूनबाईने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तिला खरंच कळत नव्हतं. पाठवलं तर रात्री सलग झोप, मनगटाला आराम, न्हाणीघरात कुलूप लटकणार नाही. पाठवलं तर सासूबाईंच्या हातात सुया नाहीत, आणि मग त्या हातांचं काय करायचं ते त्या बागवाल्यांना काय ठाऊक. "गुरुवार होऊ दे," एवढंच ती म्हणाली.

बुधवारी सकाळी टोप्या संपल्या. मग घाईघाईत ती शेवाळी पाठ उसवली. धुवायला, टांगायला, वाळायला वेळ कुठला? आणि खरं सांगायचं तर वेळ असता तरी तिने केलं नसतं. जळलं मेलं ते कुलूप, असं म्हणून तिने ती कुरळी लोकर तशीच गच्च गुंडाळली, पट्ट्या चिकटवल्या आणि भाऊंना नेऊन दिली. आईंना काय कळतंय आता, असं तिने मनाशी म्हटलं. इतक्या वर्षांत विणणाऱ्या बाईने करू नये ती चूक ती तिथे करून बसली. डोकं विसरलं म्हणून बोटंही विसरली असं धरून चालली.

गुरुवारी दुकानात गर्दी नव्हती. कॉलेजातली एक मुलगी फोनमध्ये नमुना बघत उभी होती, आणि एक प्रौढ बाई बटणं निवडत होत्या. भाऊंनी शेवाळी गुंडे काउंटरवर मांडले. "या मावशी. आजच आलाय माल."

सासूबाईंनी गुंडा उचलला, दाबला. पुन्हा दाबला. गालाला लावला. मग पट्टी ओढून फाडली आणि हातभर दोरा मोकळा केला. दोरा सरळ लोंबलाच नाही, वर उडून वेटोळी करून बसला.

"ही उसवलेली आहे," सासूबाई म्हणाल्या.

भाऊंनी फाटलेली पट्टी घाईघाईने मुठीत घेतली.

"वापरलेली लोकर नवी म्हणून विकता? मी किती वर्षं तुमच्याकडून घेते." आवाज चढला नव्हता, पण ठणठणीत होता, पूर्वीचा होता. बटणांच्या बाईंनी हातातली बटणं परत डब्यात ठेवली. मुलीने फोन खाली घेतला.

भाऊंनी एकदा सूनबाईकडे बघितलं. मग मान खाली घातली आणि म्हणाले, "चुकलं मावशी. माल बघून घ्यायला हवा होता मी."

म्हाताऱ्या माणसाने, तराजूत कधी लोकर जास्त गेली तरी तोंड न उघडणाऱ्याने, भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर चोर ठरायचं, तेही आपल्या आळसापायी. सूनबाईला ते बघवेना. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं वाटून ती म्हणाली, "भाऊंनी नाही. मी उसवली ती."

सासूबाई तिच्याकडे वळल्या. नेहमीसारखं आरपार न बघता तिच्याकडेच बघितलं. "तू? माझी?"

"हो."

"का? काही चुकलं होतं का?"

इतक्या वर्षांपूर्वी सूनबाईने हेच विचारलं होतं, जवळजवळ याच शब्दांत, आणि उत्तराऐवजी सर्र आवाज ऐकला होता. आता उत्तर देण्याची पाळी तिची होती, आणि सुटलेले टाके, वाढलेले टाके, सगळे तिला तोंडपाठ होते.

"नाही आई," ती म्हणाली. "काही चुकलं नव्हतं."

"मग?"

"लोकर संपली होती. हा रंग आता येत नाही. तुम्हाला हाच लागतो, म्हणून उसवून परत देत होते."

सासूबाईंनी हातातल्या कुरळ्या दोऱ्याकडे बघितलं. "उसवलेली अशी देतात होय? धुवावी लागते, वजन लावून टांगावी लागते. कुणी शिकवलं तुला विणायला?"

"सासूबाईंनी."

"मग नीट नाही शिकवलं तिने."

कॉलेजातली मुलगी फिसकन हसली. भाऊंनी हसू लपवायला फळीकडे तोंड केलं. सूनबाईलाही हसू यायला हवं होतं, आलंही असतं, पण त्याऐवजी तिचे डोळे भरले. "तिने नीट शिकवलं होतं," ती म्हणाली. "मीच कंटाळा केला. मी दमलेय हो आई. फार दमलेय."

हे ती कुणाशीच बोलली नव्हती. नवऱ्याशी नाही, नणंदेशी फोनवर तर नाहीच. दुकानात लोकरीच्या ढिगापुढे, आपण कोण ते माहीत नसलेल्या बाईजवळ बोलली.

सासूबाईंनी गुंडा काउंटरवर ठेवला आणि अगदी सहज, भाजी संपली तर दुसरी घे म्हणावं तसं म्हणाल्या, "एवढंच ना? मग दुसऱ्या रंगाची घेऊ."

दुसऱ्या रंगाची. म्हणजे एवढे सोमवार, ते कुलूप, त्या पट्ट्या, सगळं मुसळ केरात. कधीतरी पुन्हा विचारून बघावं, हे सूनबाईला सुचलंच नव्हतं. गुंडा भिंतीवर फेकल्याला किती दिवस झाले, त्यानंतर पिशवीतून आणखी काय काय गळलं, तिने बघितलंच नव्हतं. शेवाळी रंग गेला होता. आणि मग तिच्या लक्षात आलं की तो स्वेटर घालणारा आठ वर्षांचा मुलगाही बहुतेक त्याच्याबरोबर गेला. तिने भीत भीत विचारलं, "त्याच्यासाठी कुठला घ्यायचा?"

"कुणासाठी?" सासूबाई म्हणाल्या.

भाऊंनी सूनबाईकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली.

"ती काय आहे?" सासूबाईंचं बोट डावीकडच्या वरच्या फळीकडे होतं. "ती लाल. तू मघाशी आल्या आल्या हात लावलास तिला. काढा हो ती."

भाऊंनी हात वर करून डाळिंबी लोकर खाली काढली. सासूबाईंनी ती दाबली, गालाला लावली, दोरा मोकळा केला. तो सरळ खाली लोंबला. त्यांनी मान डोलावली. मग सूनबाईला म्हणाल्या, "वळ."

"का?"

"माप नको घ्यायला? तुझंच घेते. वळ आणि सरळ उभी राहा, पोक काढू नकोस."

सूनबाई वळली. सासूबाईंनी तिच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत वीत टाकली, मग पाठीवरून खाली. लग्न होऊन आल्यापासून या बाईने घरादाराला विणून घातलं होतं, दीर, नणंद, नणंदेची पोरं, शेजारच्यांची जावई मंडळीसुद्धा. सुनेचं माप आजवर घेतलं नव्हतं. तिचं तिला येतं ना विणता, मग घालेल विणून, असा हिशेब. हात थंड होते आणि वजनाला अगदी हलके. सूनबाई काउंटरकडे तोंड करून उभी राहिली आणि रडली, आवाज न करता. बटणांच्या बाई भल्या होत्या, त्यांनी पुन्हा डब्यात डोकं घातलं.

"बारीक झालीयेस," मागून सासूबाई म्हणाल्या. "घरी कुणी बघत नाही वाटतं तुझ्याकडे."

घरी आल्यावर त्यांनी टाके घातले आणि दिवेलागणीपर्यंत काठ विणला. शनिवारी दुपारी सुया मांडीवर ठेवून त्या खुर्चीतच झोपल्या. सूनबाईने विणकाम अलगद उचलून खिडकीशी नेलं. काठातच जरा वर एक टाका सुटला होता आणि खाली धावत गेला होता. पुढे दोन ठिकाणी उलटच्या जागी सुलट. तिचं बोट आपोआप त्या टाक्यावर टेकलं, आणि दुसऱ्या हातात सुई निघून यायच्या बेतात होती.

मग तिने ट्रंकेतून टाके उचलायचा आकडा काढला, सुटलेला टाका एक एक पायरी वर उचलत आणून सुईवर चढवला, म्हणजे तो पुढे आणखी धावायला नको. बाकीचं होतं तसंच राहू दिलं. विणकाम परत सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः समोरच्या पलंगावर आडवी झाली. टोप्यांची दुसरी ऑर्डर होती, ती तशीच पडून राहिली.

रविवारी सकाळी नवरा फोन हातात घेऊन उभा राहिला. "मग काय सांगू त्यांना?"

"जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणावं. आणि आजपासून रविवारी दिवसभर आईंजवळ तुम्ही बसायचं. मी झोपणार आहे."

"बसेन मी. पण नक्की ना? अगं, तू एवढी दमलीस..."

"दमलेच आहे. पण माझा स्वेटर व्हायचाय अजून."

त्याने खुर्चीकडे बघितलं. सासूबाई चष्मा नाकावर ओढून विणत होत्या, आणि या गृहस्थांना अजून कुणी चहा कसा विचारला नाही म्हणून सूनबाईकडे नापसंतीने बघत होत्या. तयार झाला होता फक्त चार बोटं काठ. सासूबाईंचा वेग बघता स्वेटर लवकर व्हायचा नव्हता, कदाचित होणारही नव्हता, हे सूनबाईला नवऱ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती चहा ठेवायला उठली.